आठवी जागा आणि जांभळा दस्ता

माणसाचा नेम चुकायला लागला की दोष द्यायला तीनच गोष्टी असतात: वारा, गोळी आणि रायफल. ग्लेनड्रमीच्या क्लबातली नेमबाजी बंद हॉलमध्ये चालते, त्यामुळे नेव्हिल टेटला वाऱ्याची सोय नव्हती. गोळ्या सगळ्यांना एकाच खोक्यातून मिळत. उरली रायफल.

त्या मंगळवारी त्याला शंभरात त्र्याण्णव गुण पडले होते. आधीच्या मंगळवारी चौऱ्याण्णव आणि त्याच्या आधी पंच्याण्णव. नगर परिषदेच्या पाणी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला उतरती भाजणी समजावून सांगावी लागत नाही. दर ऑगस्टात 'गाव विरुद्ध शेतकरी' असा सामना होई, त्यात दोन्हीकडून आठ-आठ जण उतरत आणि नेव्हिल गेली सत्तावीस वर्षं गावाच्या आठांत होता. अलीकडे तो आठवा असे. गाव सलग अकरा वर्षं हरत आलं होतं ही गोष्ट वेगळी. हरणाऱ्या आठांनासुद्धा सामन्यानंतर खुर्चीवर बसवून वाढतात, आणि बाकीचा क्लब भिंतीला टेकून उभ्याउभ्या चीज रोल खातो. सत्तावीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला भिंतीला टेकायची कल्पना सहन होत नाही.

"चाप जुना झालाय," कुंपणापलीकडून मर्डो म्हणाला.

मर्डो गिलेस्पी हा शेजारी. वय एकाहत्तर. जन्मभर मेंढ्या पाळून दोन वर्षांपूर्वी त्याने शेत मुलीच्या हवाली केलं आणि तो गावात राहायला आला. गावात त्याला करण्यासारखं काहीच नसल्यामुळे तो सल्ले देई. शेतकऱ्यांच्या क्लबात तो एकोणीस वर्षं नववा होता. म्हणजे राखीव. आठांपैकी कुणी आजारी पडावं अशी प्रार्थना आपण कधी केली नाही, असं तो शपथेवर सांगे. पण फ्लूच्या दिवसांत तो आठही जणांच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करी, असं लोक म्हणत. त्याला सामन्यात एकदाही गोळी झाडायला मिळाली नव्हती. आता पत्ता बदलल्याने तो नियमाप्रमाणे गावकरी ठरला होता, पण त्याच्याकडे धड रायफलच नव्हती. असलेल्या रायफलीचा दस्ता वाळवीने खाल्लेला, चापाची स्प्रिंग गेलेली, आणि नळी मेंढ्यांच्या वाड्याला आडणा म्हणून वापरून वापरून वाकलेली.

"सत्तावीस वर्षं चाललाय तो चाप," नेव्हिल म्हणाला.

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

तर नवा चाप मागवला. तीन आठवड्यांनी तो आला, इन्व्हरकार्गिलच्या कारागिराने बसवून दिला आणि पुढल्या मंगळवारी नेव्हिल ऐटीत चटईवर पालथा झाला. जुन्या चापाला ओढावं लागे. नव्याला बोटाची नुसती चाहूल पुरे. नेव्हिल अजून आरामात अंग सावरून घेत होता तेवढ्यात पहिली गोळी सुटली आणि समोर, पण शेजारच्या कार्डावर जाऊन लागली.

शेजारचं कार्ड मिसेस स्ट्रँगचं होतं. या क्लबच्या अध्यक्षा. वय एकोणऐंशी, आणि विणकामाच्या पिशवीत लोकरीच्या खाली कायम नियमांचं पुस्तक. त्यांनी कार्ड उजेडात धरून भोकं मोजली.

"नेव्हिल, यावर अकरा भोकं आहेत. माझी दहा मी ओळखते. हे कडेचं, आकड्यांच्याही बाहेरचं, ते तुझं असणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाळा, मी तिकडे मारत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक काढून त्याचे दहा गुण कापले.

जुना चाप नेव्हिल कचऱ्यात टाकणार होता. "फेकतोस कशाला? दे इकडे," मर्डो म्हणाला. परवाना दोघांकडेही होता आणि दोन्ही रायफली एकाच कारखान्याच्या, एकाच साच्यातल्या. नेव्हिलने चाप कुंपणावरून दिला. आमच्या या भागात चांगली वस्तू टाकून देणं म्हणजे पाप, आणि शेजाऱ्याने मागितलेली न देणं म्हणजे त्याहून मोठं.

आता नव्या चापामुळे दस्ता डोळ्यांत भरेना. मर्डोच्या मते तर सगळं दुखणं दस्त्यातच होतं. कॅटलॉगात एक सुरेख, सगळीकडून कमी-जास्त करता येणारा दस्ता होता. चित्रात तो तपकिरी दिसत होता. खोक्यातून निघाला तो जांभळा. त्याला सात स्क्रू होते: एक गालासाठी, दोन खांद्यासाठी, एक तळहातासाठी, आणि बाकी तिन्हींचं काम माहितीपत्रकात जर्मन भाषेत दिलं होतं. सोबत चित्रं होती, पण चित्रातल्या माणसाला पोट नव्हतं.

रविवारी दुपारी नेव्हिल स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा पडून स्क्रू पिळत होता. नोलीन, त्याची बायको, हातात मटणाचा ट्रे घेऊन त्याला तिसऱ्यांदा ओलांडून गेली.

"जमतंय का, नेव्ह?"

"गाल जमला. खांदा जमत नाहीये."

"पोटासाठी एक स्क्रू दिला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि बटाटे उकडायला लागली.

संध्याकाळी खांदा जमला. जुना दस्ता शिरस्त्याप्रमाणे कुंपणापलीकडे गेला. मग नेव्हिल रायफल कपाटात ठेवायला गेला तर कपाटाचं दार लागेना. नवा दस्ता चार बोटं लांब होता. आता आमच्याकडे रायफल लोखंडी कपाटात, कपाट कुलपात आणि कुलपासकट सगळं भिंतीला जखडलेलं, असा कायदा आहे, आणि कायद्यात चार बोटांची सवलत नाही. रायफल तात्पुरती क्लबच्या तिजोरीत गेली आणि नेव्हिलने नवं कपाट मागवलं.

कपाट बदलायचं म्हणजे परवाना खात्याकडे अर्ज आला. त्यात 'बदलाचे कारण' असा रकाना होता. नेव्हिलने लिहिलं: 'दस्ता वाढला.' अर्ज आठ दिवसांनी परत आला. वर कुणीतरी सुवाच्य अक्षरात विचारलं होतं: 'दस्ता कसा वाढला?' आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज असेच शेरे मारून परत पाठवणाऱ्या नेव्हिलला प्रथमच कळलं की हे किती लागतं. त्याने दीड पान खुलासा लिहिला, दस्त्याची आकृती काढली आणि सात स्क्रूंना क्रमांक दिले.

कपाट कुठे बसवायचं यावर घरात तीन दिवस चर्चा चालली. गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात नोलीनच्या चादरी होत्या आणि त्यांना हात लावण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. शेवटी तिच्या शिवणाच्या खोलीतली भिंत मंजूर झाली. मर्डो ड्रिल घेऊन हजर झाला. त्याने भिंतीला कान लावला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं.

"इथे लाकूड आहे."

"नक्की?"

"अरे, मेंढीच्या पोटावर हात ठेवून मी सांगायचो आत किती कोकरं आहेत. भिंत कसली घेऊन बसलास!"

मेंढीच्या पोटात पाण्याचा पाइप नसतो. भिंतीत होता. ड्रिल आत गेलं आणि भिंतीतून पाण्याची धार निघून थेट शिवणाच्या मशीनवर पडली.

इथून पुढची हकीकत सांगताना नेव्हिल अजूनही आवाज खाली आणतो. 'आपल्या घराचं पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे का?' असं एक पत्रक पाणी विभाग दर वसंतात ग्लेनड्रमीतल्या प्रत्येक घरात टाकतो. ते नेव्हिलने स्वतः लिहिलंय. त्याची तिसरी ओळ अशी आहे की 'जबाबदार घरमालक संकटाची वाट पाहत नाही.' त्याचा स्वतःचा कॉक कुठे होता? सोळा वर्षांपूर्वी नोलीनने लावलेल्या कॅमेलियाच्या बुंध्याखाली. तो भिजलेल्या मोज्यांनी कॅमेलियासमोर उभा राहिला, मग फावडं आणायला गेला, मग नोलीनचा चेहरा पाहून त्याने फावडं खाली ठेवलं आणि ऑफिसला फोन केला.

फोन त्याच्या हाताखालच्या ट्रेसीने घेतला. "सर, पत्रकातली पहिली पायरी केलीत का?" तिने अगदी मनापासून विचारलं.

रस्त्यावरच्या बावीस घरांचं पाणी दोन तास बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी बावीस पेट्यांत छापील चिठ्ठी पडली: 'एका घरमालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल विभाग दिलगीर आहे. आपला, एन. टेट.' मजकूर ठरलेला आणि सहीही छापील. एक चिठ्ठी त्याच्याही पेटीत आली. नोलीनने ती फ्रिजवर लावली आणि ती आठवडाभर तिथे होती.

कपाट अखेर बसलं. तपासणीला आलेल्या बाईंनी ते हलवून पाहिलं, कुलूप पाहिलं, ओल्या भिंतीकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. नेव्हिल त्यांना मनातल्या मनात आजही दुवा देतो.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण जांभळ्या दस्त्यात जुनी नळी म्हणजे वर कोट आणि खाली पायजमा. नेव्हिलने नवी नळी आणली, चांगली जाडजूड. मग नळीला शोभेल असं नेम धरायचं नवं भिंग. मग तोल साधावा म्हणून पुढे लावायचे पितळी वजनाचे गोळे. जुनी नळी गेली मर्डोकडे, जुनं भिंगही त्याच्याकडे गेलं. "दे इकडे," एवढंच तो म्हणे, आणि नेव्हिल देई.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी मर्डो हॉलमध्ये आला तो हातात रायफल घेऊन. नेव्हिलने ती दारातूनच ओळखली. दस्त्याला एकदा तडा गेला होता, तिथे त्याने स्वतः बसवलेला स्क्रू. गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा. नोलीनच्या भावाने सांडलेल्या बीटच्या रसाचा डाग.

"नेव्हिल, तुझी रायफल मर्डोकडे कशी?" सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं.

खरं म्हणजे ती मर्डोचीच होती. कायद्याच्या लेखी रायफल म्हणजे मधला तो नंबर कोरलेला लोखंडी तुकडा, आणि त्यावर मर्डोचा नंबर होता. बाकी चाप, नळी, दस्ता हे सगळं किरकोळ. नेव्हिलने हे सगळ्यांना हसतमुखाने समजावून सांगितलं. त्याला वाईट वाटलं होतं, बरंच वाटलं होतं, आणि वाईट वाटण्याचा हक्क आपल्याला नाही हेही त्याला कळत होतं. ज्याने एकेक करून स्वतःच सगळं देऊन टाकलं त्याने तक्रार करायची कुणाकडे?

त्याच संध्याकाळी मिसेस स्ट्रँगनी नेव्हिलची रायफल उचलून पाहिली आणि परत ठेवली. मग पिशवीतून पुस्तक काढलं. आमच्या क्लबात रायफलीच्या वजनाला मर्यादा आहे. आजवर कुणाची रायफल तिच्या जवळपासही गेली नव्हती, म्हणून ती कुणाला आठवत नव्हती. मर्डोने गाडीतून लोकर तोलायचा काटा आणला. रायफल आकड्याला लटकवली. काटा मर्यादेच्या अर्धा किलो पुढे जाऊन थांबला.

"एक पावरोटी ज्यादा," मिसेस स्ट्रँग म्हणाल्या. "काढ काहीतरी."

काय काढायचं यावर अख्ख्या क्लबाने मत दिलं. गोळे काढले तर पुढचं टोक वर जाई. खांद्याचे स्क्रू काढले तर गालाचा अर्थ उरेना. तीन मंगळवार खटाटोप करून शेवटी रायफल बसली मर्यादेत. पण आता ती अर्धी उरली होती, आणि ज्या स्क्रूंचं काम नेव्हिलला कधीच कळलं नव्हतं तेच तेवढे जागेवर होते. गुण पडले चौऱ्याण्णव. म्हणजे चार महिने, एक भिंत आणि एका गल्लीचं पाणी खर्ची घालून तो निघाला होता तिथेच परत आला होता.

संघ निवडायची वेळ आली. पहिले सात जण ठरलेले होते. आठव्या जागेला हंगामाच्या सरासरीने दोघं बरोबरीत होते: नेव्हिल टेट आणि मर्डो गिलेस्पी. मिसेस स्ट्रँगनी पुस्तक चाळलं. दोघांनी दहा-दहा गोळ्या मारायच्या. पाचानंतर पाच मिनिटं विश्रांती.

नेव्हिल आधी उतरला. जांभळ्या दस्त्याला गाल लावला, श्वास रोखला आणि त्याच्या परीने उत्तम मारलं. चौऱ्याण्णव.

मग मर्डो चटईवर आडवा झाला. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना त्यालाही वेळ लागला. नेव्हिल मागच्या बाकावर बसला होता. मर्डोची पहिली गोळी नऊवर गेली, डावीकडे. दुसरी नऊ, डावीकडे. तिसरी दहा. चौथी नऊ, डावीकडे, आणि पाचवीही तशीच. पाच गोळ्यांत सेहेचाळीस. जिंकायचं तर उरलेल्या पाचांत एकोणपन्नास हवे होते, आणि मर्डोला जन्मात एकोणपन्नास पडले नव्हते.

मर्डो उठून बाकावर त्याच्याशेजारी येऊन बसला. "डावीकडे पळतेय रे," तो म्हणाला. त्याने काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे सल्ला नव्हता.

नेव्हिलला ती डावीकडे का पळते ते ठाऊक होतं. बसल्या बसल्या त्याला दिसलं होतं. गप्प बसला तर खुर्ची त्याची, आणि यात काही लबाडीही नव्हती. स्पर्धकाला शिकवायला हवं असं मिसेस स्ट्रँगच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. पण सत्तावीस वर्षं ती रायफल त्याने तेल लावून, पुसून, कुशीत घेऊन वापरली होती, आणि ती अशी वेडीवाकडी मारताना बघणं त्याच्या जिवाला सोसवेना. आणि शेजारी हा म्हातारा, एकोणीस वर्षं नववा.

"तू डावा हात त्या स्क्रूच्या पुढे धरतोयस," नेव्हिल म्हणाला. "तिथे तडा आहे. दाब पडला की दस्ता नळीला ढकलतो. हात मागे घे. स्क्रू करंगळीला टेकला पाहिजे."

मर्डोने त्याच्याकडे पाहिलं. "हे मला का सांगतोयस, गाढवा?"

"जा, मार."

दहा. दहा. दहा. नऊ. शेवटच्या गोळीला मर्डोने इतका वेळ घेतला की मिसेस स्ट्रँगनी विणकाम खाली ठेवलं. दहा.

एकूण पंच्याण्णव. टाळ्या वाजल्या तरी मर्डो चटईवरून उठेना. नेव्हिल वाकून पाहायला गेला तर म्हातारा दस्त्यावर गाल टेकून हमसून हमसून रडत होता. नेव्हिलने त्याला काखेत हात घालून उभं केलं. "गुडघा धरलाय त्याचा," त्याने सगळ्यांना सांगितलं.

सामना ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी झाला. गाव हरलं, बारावं वर्ष. मर्डोने शहाण्णव मारले. जेवताना तो खुर्चीवर बसला खरा, पण सवय नसल्यामुळे सारखा उठून इतरांना वाढायला जाई, आणि मिसेस स्ट्रँग त्याला परत बसवत. नेव्हिल भिंतीला टेकून चीज रोल खात होता. नोलीन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने त्याच्या बशीत आपला रोल ठेवला.

आमच्या दोन्ही क्लबांत एक रीत आहे. हॉलमध्ये लाकडी फलक असतो आणि त्यावर त्या वर्षीच्या आठांची नावं सोनेरी रंगाने लिहितात. लिहायची असतात ती नवव्याने. का, ते कुणाला माहीत नाही. बहुधा त्याला दुसरं काम नसतं म्हणून.

रविवारी सकाळी नेव्हिल शिडीवर चढला. खाली मर्डो शिडी धरून उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला होता.

"ब्रश इतका ओला नको," मर्डो म्हणाला. "डबीच्या काठावर निथळ. मी एकोणीस वर्षं लिहिलीत, मला विचार. आणि अक्षर खालून वर ओढू नकोस, रंग ओघळतो."

नेव्हिलने ब्रश निथळला. पहिली सात नावं लिहून झाली, रेषेत आणि एकसारखी. आठव्या नावाला त्याला बराच वेळ लागला. नाव लिहून तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि दोघांनी मिळून वर पाहिलं.

"वाकडं झालंय," मर्डो म्हणाला.

नेव्हिलला ते दिसत होतंच. 'एम' सरळ आला होता, पण पुढे पुढे अक्षरं चढत गेली होती. त्याने खिशातून टर्पेंटाइनचं फडकं काढलं. "ओलं आहे तोवर पुसतो. परत लिहितो."

मर्डोने त्याचा पाय शिडीसकट घट्ट धरून ठेवला.

"हात लावशील तर बघ," तो म्हणाला.